एम.२ म्हणजे एनव्हीएमई नव्हे

ऑफिससाठी छोटा, स्वस्तातला पीसी बांधून घ्यायचा म्हटलं की कोटेशन येतं. त्यात प्रोसेसरचं अख्खं नाव असतं, रॅमचा स्पीड असतो, कॅबिनेटचा रंगसुद्धा असतो. स्टोरेजच्या ओळीत मात्र एवढंच: ‘एसएसडी एम.२ ५१२ जीबी’. एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश मेमरीच्या चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. घेणारा खूश, कारण एम.२ म्हणजे सगळ्यात फास्ट हे त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तापकीर गल्ली, गिऱ्हाईक ‘साटा नको, एम.२ द्या’ असंच मागतं. साटा ही डिस्क जोडायची जुनी, हळू पद्धत, एनव्हीएमई ही नवी, वेगवान. पण या वाक्याला काही अर्थच नाही. साटा एसएसडी एम.२ मध्येही मिळते, आणि एम.२ मागूनही साटाच तुमच्या हातात पडू शकते.

अडीच इंची साटा एसएसडी सगळ्यांना माहीत आहे. चपटी डबी, एक डेटा केबल, एक पॉवर केबल. तिच्याबद्दल वेगळं काही सांगायला नको.

घोळ आहे तो एम.२ चा. एम.२ हा फक्त आकार आहे, म्हणजे ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी पाटी आणि ती जिथे खोचायची तो स्लॉट. पाटीवर २२८० लिहिलेलं असतं, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. वेगाबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. वेग ठरतो तो पाटी मदरबोर्डशी कुठल्या वाटेने बोलते त्यावर. एक वाट जुनी साटाची, ६ गिगाबिटची. तिच्यावरून प्रत्यक्षात सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास मिळतात, डिस्क डबीत असो की पाटीवर. दुसरी वाट पीसीआयईची, म्हणजे मदरबोर्डवरच्या वेगवान जोडणीची, आणि तिच्यावर चालणारी पद्धत म्हणजे एनव्हीएमई. जेन ३ च्या, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या पीसीआयईच्या, चार लेन (डेटा जायच्या मार्गिका) असतील तर चांगली डिस्क सेकंदाला ३५०० एमबीपर्यंत जाते. साटामागची एएचसीआय पद्धत फिरत्या हार्ड डिस्कच्या जमान्यातली. तिच्यात कामांची रांग एकच, तीही ३२ कामांची. एनव्हीएमई २०११ साली फ्लॅश मेमरी डोळ्यांसमोर ठेवूनच आली आणि तिच्यात हजारो रांगा लावता येतात.

मोबाइलच्या टाइप-सीचं जे झालंय तेच इथे झालंय. भोक तेच, पण एका फोनवरून टीव्हीवर चित्र जातं आणि दुसऱ्यावर नुसतं चार्जिंग होतं.

खरा सापळा पुढे आहे. एम.२ साटा पाटीच्या सोनेरी कडेला बहुतेक वेळा दोन खाचा असतात, एक बी आणि एक एम. मदरबोर्डवरचा नेहमीचा स्लॉट एम प्रकारचा. दोन खाचांची पाटी त्यात अगदी सहज बसते. स्क्रू लागतो, झाकण बंद होतं. पण तो स्लॉट फक्त पीसीआयईचा असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डच्या सेटिंग्जमध्ये, डिस्कचं नावच दिसत नाही. मग सुरू होतं ‘डिस्क डेड आलीय’, रिप्लेसमेंट, दुसरी तशीच डिस्क, पुन्हा तेच. डिस्क ठणठणीत असते. त्या स्लॉटला साटाची वाटच जोडलेली नसते. चुकीची वस्तू आत शिरलीच नसती तर निदान दुकानातच कळलं असतं. ती शिरते, म्हणून हा घोळ वर्षानुवर्षं चाललाय.

‘दोन खाचा म्हणजे साटा, एक खाच म्हणजे एनव्हीएमई’ हा सर्रास सांगितला जाणारा नियमही पक्का नाही. दोनच लेनवर चालणाऱ्या काही एनव्हीएमई पाट्यांनाही दोन खाचा असतात. वेस्टर्न डिजिटलची एसएन५२० तशीच आहे. खाचांवरून अंदाज करावा, खात्री लेबल वाचूनच करावी. ब्रँडच्या नावावर तर अजिबात जाऊ नये. ‘डब्ल्यूडी ब्लू’ या एकाच नावाखाली एम.२ साटाही आली आणि एसएन५५०, एसएन५७० या एनव्हीएमईही आल्या. सॅमसंगची ८६० इव्हो एम.२ साटा, ९७० इव्हो एनव्हीएमई. क्रुशियलची एमएक्स५०० साटा, पी३ एनव्हीएमई. म्हणून कोटेशनवर पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा. ‘साहेब, सगळं सेमच असतं’ असं उत्तर आलं तर दुकान बदला.

दुसरी बाजू मदरबोर्डची. मॅन्युअलमध्ये स्टोरेजचं पान असतं, तिथे एम.२ स्लॉटपुढे ‘पीसीआयई ३.० एक्स४’ एवढंच लिहिलंय की ‘पीसीआयई आणि साटा’, ते बघायचं. त्याच पानावर बारीक अक्षरांत एक टीप असते, तीही सोडू नका. काही बोर्डांवर एम.२ मध्ये साटा पाटी लावली की साध्या साटा पोर्टांपैकी एक बंद होतं. टॅलीचा बॅकअप घ्यायची हार्ड डिस्क नेमकी त्याच पोर्टला असेल तर ती एका सकाळी गायब, आणि अकाउंट्सवाल्या ताई तुमच्या टेबलाशी उभ्या.

आता माझं मत. ऑफिसच्या कामात, म्हणजे टॅली, एक्सेल, ब्राउझरचे वीस टॅब आणि जीएसटीचं पोर्टल यांत, साटा आणि एनव्हीएमईमधला फरक हाताला फारसा जाणवत नाही. हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आलात की जमीन-अस्मानाचा फरक पडतो, त्यापुढचं बरंचसं बेंचमार्कच्या, म्हणजे वेगाच्या चाचण्यांच्या, चित्रांत राहतं. तरीही नव्या मशीनला एनव्हीएमईच घ्यावी, कारण साध्या जेन ३ पाटीसाठी फार जास्त मोजावे लागत नाहीत आणि केबलचा गुंता वाचतो. छोट्या कॅबिनेटमध्ये तेवढी जागा मोलाची असते. टॅलीसाठी जेन ४ आणि वर डिस्क थंड ठेवणारा लाइटवाला हीटसिंक विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. जेन ३ च्या स्लॉटमध्ये जेन ४ ची डिस्क जेन ३ च्याच वेगाने चालणार. तो पैसा ८ जीबीची रॅम १६ करण्यात घाला.

जुनं किंवा रिफर्बिश्ड मशीन असेल तर हिशेब वेगळा. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या बहुतेक ऑफिस पीसींचं बायोस एनव्हीएमईवरून बूट होत नाही. अडॅप्टर कार्डावर लावलीत तर विंडोजमध्ये डेटा डिस्क म्हणून दिसेल, पण विंडोज तिच्यावरून सुरू होणार नाही. तिथे सरळ अडीच इंची साटा. एम.२ साटा मी फक्त एकाच ठिकाणी सुचवतो: स्लॉट फक्त साटाचा आहे आणि डबी ठेवायला जागाच नाही. एरवी डबी बरी, उद्या दुसऱ्या कुठल्याही मशीनला लावता येते.

छोट्या पीसीत आखूड असा आणखी एक एम.२ स्लॉट दिसतो, तो वायफायचा. त्याची खाच वेगळी, तिथे डिस्क बसत नाही. जोर लावू नका.

मशीन आधीच घेतलंय आणि आता शंका येतेय? क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उघडा. इंटरफेसपुढे ‘सीरियल एटीए’ आलं तर साटा, ‘एनव्हीएम एक्सप्रेस’ आलं तर एनव्हीएमई. खालच्या ट्रान्सफर मोडमध्ये दोन आकडे असतात, आधी सध्याचा मोड, मग डिस्कला झेपणारा. ‘एक्स२’ आणि ‘एक्स४’ अशी जोडी दिसली तर डिस्क चार लेनची आहे आणि स्लॉट तिला दोनच देतोय. बोर्डवर दुसरा स्लॉट असेल तर त्यात लावून बघा. नसेल तर राहू द्या, दोन लेनवरसुद्धा ती साटाच्या बरीच पुढे असते.