छर्ऱ्याचे वजन आणि छर्ऱ्याचा मध्य

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले, तेव्हापासून नेमबाजीची चौकशी करणारे पालक जागोजागी भेटतात. कुसाळे यांचा प्रकार काडतुसांच्या रायफलीचा आहे. मुलांची सुरुवात मात्र बहुधा १० मीटर एअर रायफलने, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या रायफलीने होते. अभिनव बिंद्रा यांचे २००८ चे बीजिंगमधील सुवर्णपदक आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांचे २०२२ चे कैरोमधील जगज्जेतेपद याच प्रकारातले. रायफल एकदाच घ्यावी लागते, पण छर्रे सतत लागतात. दिवसाला शंभर नेम धरले तर पाचशे छर्ऱ्यांचा डबा पाच दिवसांत संपतो. त्यामुळे कोणते छर्रे घ्यावेत हा प्रश्न खिशाचाही आहे. त्यावर हमखास मिळणारे उत्तर असे, की महागातला महाग डबा घ्या, किंवा स्वस्त घेऊन सराफी काट्यावर एकेक छर्रा तोलून निवडा. पहिल्या सल्ल्याने पैसे वाया जातात आणि दुसऱ्याने वेळ. ते का, हे समजण्यासाठी शाळेतले पदार्थविज्ञान पुरते.

आधी लक्ष्याची मापे पाहू. या प्रकारातला दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा असतो आणि छर्ऱ्याचा व्यास साडेचार मिलिमीटर. छर्ऱ्याची कड ठिपक्याला जेमतेम शिवली तर १०.० गुण मिळतात, म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरपर्यंत दूर असला तरी चालतो. तिथून १०.९ पर्यंतची प्रत्येक पायरी पाव मिलिमीटरची असते. या पाव मिलिमीटरच्या मापाने आपण पुढची प्रत्येक चूक मोजणार आहोत.

स्पर्धेचा छर्रा मऊ शिशाचा, सुमारे ०.५३ ग्रॅम वजनाचा असतो. त्याचे डोके सपाट असल्यामुळे कागदावर स्वच्छ गोल भोक पडते. त्याची कंबर बारीक असते आणि मागचा पोकळ घेर पसरट. मागून हवेचा दाब आला की हा पातळ घेर फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसतो आणि हवा निसटू देत नाही. बाहेर पडल्यावर बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणे हाच घेर हवेचा विरोध मागच्या बाजूला घेतो आणि तोंड पुढे राखतो. नळीच्या आत सर्पिल खाचा कोरलेल्या असतात आणि त्या छर्ऱ्याला फिरवतात. साधारणपणे ४५ सेंटिमीटर अंतरात एक फेरा. वेग सेकंदाला १७५ मीटर धरला तर छर्रा सेकंदाला जवळजवळ ३९० फेरे या गतीने फिरत लक्ष्याकडे जातो.

आता वजनातल्या फरकाने नेम किती हलतो ते काढू. दहा मीटर जायला छर्ऱ्याला सुमारे ०.०६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणामुळे तो पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. एखादा छर्रा एक टक्क्याने जड निघाला, तर तेवढ्याच ऊर्जेत त्याचा वेग अर्ध्या टक्क्याने कमी होतो, प्रवासाचा वेळ अर्ध्या टक्क्याने वाढतो आणि वेळेचा वर्ग घ्यायचा असल्याने खाली येणे एक टक्क्याने वाढते. पावणेदोन सेंटिमीटरचा एक टक्का म्हणजे ०.१८ मिलिमीटर, अर्थात गुणाच्या एका दशांशालाही न पुरणारे अंतर. काट्यावर खर्च केलेल्या संध्याकाळीचे फळ एवढेच.

खरी गडबड वेगळ्या ठिकाणी आहे, आणि माझ्या मते छर्ऱ्यांच्या अचूकतेतला सर्वांत सुंदर भाग हाच. छर्रा नळीत असतो तेव्हा नळीची भिंत त्याला आपल्या आकाराच्या मध्याभोवती फिरायला भाग पाडते. परंतु शिशात एका बाजूला सूक्ष्म पोकळी असेल, घेराची कड एका बाजूने जाड असेल किंवा डोके तिरके बसले असेल, तर छर्ऱ्याचा वस्तुमानमध्य त्या आकाराच्या मध्यावर नसतो, किंचित बाजूला असतो. हा वस्तुमानमध्य मग नळीतून सरळ पुढे जात नाही. तो अक्षाभोवती बारीकशी सर्पिल वाट चालतो. नळीच्या तोंडाशी भिंतीचा धाक संपतो. त्या क्षणापासून छर्रा स्वतःच्या वस्तुमानमध्याभोवती फिरू लागतो आणि तो मध्य, वर्तुळात फिरवलेला दगड सुटताच जसा स्पर्शरेषेने जातो त्याच नियमाने, आडव्या दिशेचा थोडासा वेग घेऊन निघतो. हा आडवा वेग म्हणजे कोनीय वेग गुणिले मध्य सरकल्याचे अंतर. वस्तुमानमध्य एक शतांश मिलिमीटरने जरी सरकलेला असला, तरी सेकंदाला ३९० फेऱ्यांच्या हिशोबाने आडवा वेग सेकंदाला जवळजवळ अडीच सेंटिमीटर येतो आणि लक्ष्यावर पोहोचेपर्यंत छर्रा १.४ मिलिमीटर बाजूला गेलेला असतो. गुणांच्या भाषेत ही पाच-सहा दशांशांची हानी झाली. ती कोणत्या दिशेला होईल, हे छर्रा नळीत कोणत्या अंगावर ठेवला गेला यावर अवलंबून राहते. प्रत्येक वेळी ती दिशा वेगळी असल्यामुळे नेम जुळवण्याच्या साइटचे कितीही स्क्रू फिरवले तरी ही चूक दुरुस्त होत नाही.

या दोन हिशोबांना एकत्र आणले की काट्याची मर्यादा स्पष्ट दिसते. एक टक्का शिसे सगळीकडून सारखे कमी असेल, तर परिणाम ०.१८ मिलिमीटरचा. तेच एक टक्का शिसे अक्षापासून दीड मिलिमीटरवर एकाच बाजूला कमी असेल, तर वस्तुमानमध्य ०.०१५ मिलिमीटरने सरकतो आणि छर्रा दोन मिलिमीटरहून अधिक भरकटतो. काटा दोन्ही छर्ऱ्यांचे वजन तंतोतंत सारखे दाखवतो. शिवाय दुसरा दोष असलेला, पण इतरत्र थोडे जास्त शिसे आल्याने वजन भरून निघालेला छर्रा काट्यावर उत्तीर्ण होतो.

म्हणून पाहायचे ते गोलाईकडे. भिंगाखाली छर्रा उलटा धरून घेराची कड बघावी. चांगल्या छर्ऱ्याची कड सगळीकडे सारख्या जाडीची असते. वाईट छर्ऱ्यावर शिशाचा केसासारखा तंतू लोंबताना दिसतो, एखादी खोक असते किंवा वाहतुकीत दबून घेर अंडाकृती झालेला असतो. असे छर्रे वेगळे काढायला काहीही खर्च येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे डोक्याचे माप. चांगल्या डब्यांवर ४.४९, ४.५० किंवा ४.५१ मिलिमीटर असे छापलेले असते. डोके नळीला सैल असेल तर छर्रा आत तिरका चालतो आणि वस्तुमानमध्य पुन्हा बाजूला जातो. कोणते माप चांगले हे छर्रा आणि नळी यांची जोडीच ठरवते. तिसरी गोष्ट बॅच क्रमांक. छर्रे शिशाच्या तारेचे तुकडे साच्यात दाबून घडवतात, साचे झिजतात, बदलले जातात, आणि त्याच नावाच्या पुढच्या डब्यातला माल निराळा वागू शकतो. पदक मिळालेल्या डब्यातले उरलेले छर्रे शुभ मानून जपणारे नेमबाज आहेत. त्यांनी डब्याऐवजी त्याच्यावरचा बॅच क्रमांक जपला, तर उपयोग होईल.

निवड करण्यासाठी दोन-तीन प्रकारांचा एकेक डबा आणावा, रायफल घट्ट टेकवावी आणि प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा छर्ऱ्यांचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या भोकांचे पुंजके, आलटून पालटून मारावेत. पाच छर्ऱ्यांच्या ग्रुपवर भरवसा ठेवू नये, कारण एकाच डब्यातून मारलेल्या अशा ग्रुपची रुंदीही निव्वळ योगायोगाने चौथाईने कमीजास्त होते. जाहिरातीतला पाच छर्ऱ्यांचा सुरेख ग्रुप म्हणूनच काही सिद्ध करत नाही. वेगाची जाहिरात तर त्याहून निरर्थक आहे. वर काढलेले भरकटणे हे मध्याचे सरकणे, अंतर आणि खाचांचा पीळ एवढ्यांवरच ठरते. हिशोब नीट मांडला तर वेग दोन्हीकडून कटून जातो.

किंमत किती मोजावी, याचे उत्तर वर्गांच्या बेरजेत आहे. स्वतंत्र चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, पायथागोरसच्या कर्णाप्रमाणे वाढतात. नवशिक्याच्या हाताची चूक सरासरी ४ मिलिमीटर आणि सरावाच्या छर्ऱ्याची १ मिलिमीटर असेल, तर एकूण चूक १६ अधिक १ चे वर्गमूळ, म्हणजे ४.१२ मिलिमीटर. छर्रा अगदी निर्दोष आणला तरी वाचणार ०.१२ मिलिमीटर. ज्याच्या हाताची चूकच १ मिलिमीटरवर आली आहे, त्याची एकूण चूक मात्र १.४१ होते आणि महागाच्या डब्याने तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. पहिल्या वर्षी स्वस्त सरावी छर्रे भिंगाखाली निवडून वापरावेत आणि वाचलेला पैसा जास्त सरावावर लावावा, हे गणितच सांगते.

डबा हादरू देऊ नये, झाकणाखालचा फोमचा तुकडा फेकू नये, आणि कोकणासारख्या दमट हवेत पावसाळ्यात डबा कोरड्या जागी बंद ठेवावा. छर्ऱ्यांवर पांढरी भुकटी आलेली दिसली तर ते वापरू नयेत. ती शिशाची संयुगे आहेत आणि शिसे मुलांच्या शरीराला विशेष घातक असते. सराव संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलाला खाऊचा डबा उघडू देऊ नये.