छापील करार म्हणजे कायदा नव्हे

जहाज भाड्याने घेताना हमखास ऐकू येतं: ‘जेनकॉन’ हा एका फेरीसाठी जहाज भाड्याने घेण्याचा छापील करार-फॉर्म बिम्कोचा आहे, त्यातला एक शब्दही बदलता येत नाही. हे साफ चूक आहे. 1905 साली स्थापन झालेली बिम्को ही जहाज व्यवसायाची संघटना. ती मसुदे तयार करते, कायदे नव्हे. खुद्द जेनकॉनसुद्धा 1922 नंतर 1976, 1994 आणि 2022 मध्ये बदलला.

1994ची प्रत उघडून पाहा. पहिल्या भागातल्या चौकटींत बंदर, माल, भाडं, डेमरेजचा (माल चढवायला-उतरवायला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला तर द्यायच्या रकमेचा) दर भरायचा. दुसऱ्या भागात छापील कलमं. दोन्हींत विरोध आला तर पहिला भाग वरचढ, असं फॉर्मच सांगतो! यातलं कलम क्रमांक 2 जहाजमालकाची मालाच्या नुकसानीची जबाबदारी फारच कमी करतं, म्हणून माल पाठवणाऱ्यांनी ते डोळ्यांत तेल घालून वाचावं. ते खोडता येतं, त्याजागी वेगळं कलम घालता येतं. इंग्लिश कायद्यातही छापील मजकूर आणि पक्षांनी खास घातलेला मजकूर जुळत नसेल, तर साधारणपणे खास मजकुराला जास्त वजन मिळतं.

मात्र नुसती रेघ मारून थांबू नका. खोडलेल्या कलमाचा उल्लेख दुसरीकडे राहिला, तर वाद तिथूनच सुरू होतो.