डिस्क की डाउनलोड? खान्देशातल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

२०२१ मध्ये प्लेस्टेशन ५, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं सोनीचं यंत्र (कन्सोल), भारतात आलं ते दोन किमती घेऊन. डिस्क घालायची खाच असलेलं ४९,९९० रुपयांना आणि खाच नसलेलं, म्हणजे डिजिटल, ३९,९९० रुपयांना. आतला प्रोसेसर तोच, चित्र तेच, गेमही तेच. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांत तेव्हापासून एकच हिशेब मांडला जातो : खाच नसली की पैसे वाचतात (तेव्हा दहा हजार वाचत), मग खाच हवी कशाला? हे उत्तर बहुतेक वेळा दुकानाच्या काउंटरवर, उभ्या उभ्या दिलं जातं आणि पुढे ते फिरवणं सोपं नसतं. एक गेम डिस्कवर घ्यायचा की डाउनलोड करायचा, एवढ्यापुरता तो निर्णय नसतो. त्या मशीनवर पुढे येणारे सगळे गेम कुठून येतील आणि खेळून झाल्यावर कुठे जातील, हेही त्याच क्षणी ठरतं.

खेळून झाल्यावर गेम कुठे जातो, हा प्रश्न माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. खान्देशात व्हिडिओ गेम रुजले ते विकत घेऊन कमी आणि हातोहात फिरून जास्त.

नव्वदीच्या दशकात आपल्याकडे त्याला टीव्ही गेम म्हणत. लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी मिळणारी ती यंत्रं मुळात जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या १९८३ मधल्या फॅमिकॉम या यंत्राच्या नकला होत्या. त्यांत जी ‘कॅसेट’ खोचायची तिच्यात फीत नसे. गेम साठवलेली एक चिप असे. गेम असा मशीनपासून वेगळा काढता येतो ही कल्पना प्रत्यक्ष उतरली १९७६ मध्ये, फेअरचाइल्ड कंपनीच्या चॅनल एफ या यंत्रात. ते काम जेरी लॉसन या कृष्णवर्णीय अमेरिकन अभियंत्याच्या नेतृत्वाखाली झालं. त्याआधीची घरगुती यंत्रं जे गेम पोटात घेऊन येत तेवढेच खेळवत. गेम सुटा झाला आणि तो भाड्याने देता येऊ लागला, अदलाबदल करता येऊ लागली, धाकट्या भावाच्या हाती ठेवता येऊ लागला. पुढचा सगळा इतिहास या सुटेपणाचा आहे.

इकडे त्याचा पुरेपूर उपयोग झाला. भुसावळ-जळगावचा मे महिना ज्यांनी अनुभवला आहे त्यांना सांगायला नको; पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना दुपारी पोरं अंगणात सोडायची सोयच नसते. मग मशीन दिवसाच्या भाड्याने आणायचं, चार कॅसेटी सोबत घ्यायच्या, गल्लीतल्या सगळ्यांनी वर्गणी काढायची. लोडशेडिंगची वेळ आधी विचारून घ्यायची. एक कॅसेट कितीतरी घरांत खेळली जाई आणि शेवटी फुंकर मारून मारून चालवावी लागे.

डाउनलोड ही नवी गोष्ट आहे असा समज असतो, पण ती जवळजवळ कॅसेटइतकीच जुनी आहे. १९८३ मध्ये अमेरिकेत गेमलाइन नावाची सेवा निघाली होती. अटारीच्या यंत्रात एक मोडेम खोचायचा, टेलिफोनच्या तारेवरून गेम उतरवायचा. तो काही वेळा खेळून झाला की परत फोन लावावा लागे. सेवा बुडाली, पण त्याच मंडळींच्या हातून पुढे अमेरिका ऑनलाइन ही इंटरनेट सेवा उभी राहिली. १९९४ मध्ये सेगा या गेम कंपनीने केबल टीव्हीवरून आणि १९९५ मध्ये निन्टेन्डोने जपानात उपग्रहावरून गेम पाठवायला सुरुवात केली. मला यांत सगळ्यात जवळचा वाटतो तो निन्टेन्डोचा १९८६ चा जपानी प्रयोग : कोरी होऊ शकणारी फ्लॉपी दुकानात न्यायची, ५०० येन द्यायचे आणि तिथल्या यंत्रावर नवा गेम भरून घ्यायचा. स्वस्त मोबाइलचे दिवस आले तेव्हा आपल्या तालुक्याच्या गावांत मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं निघाली, त्यांचंच हे थोरलं भावंड.

डिस्कचं युग खऱ्या अर्थाने आणलं सोनीने. ३ डिसेंबर १९९४ ला जपानात पहिलं प्लेस्टेशन आलं ते सीडी घेऊन. सीडीत सुमारे ६५० एमबी मावत. दोन वर्षांनी निन्टेन्डोने एन ६४ हा कन्सोल आणला तो कॅसेट धरूनच, आणि तिची कमाल क्षमता ६४ एमबी. शिवाय चिप महाग, तर सीडी छापायला अगदी स्वस्त. ‘फायनल फँटसी ७’ हा १९९७ चा गेम तीन सीडींवर आला. आधी निन्टेन्डोसाठी ही मालिका घडवणारी कंपनी तो गेम घेऊन सोनीकडे गेली, त्यामागे ही जागेची अडचण होती. पुढे २००० मध्ये प्लेस्टेशन २ डीव्हीडी घेऊन आलं आणि पंधरा कोटींहून अधिक विकलं गेलं. आजवर इतका खप दुसऱ्या कुठल्याही घरगुती कन्सोलला मिळालेला नाही.

खान्देशात पीएस २ घरोघर गेलं नाही. ते आधी गेम पार्लरमध्ये आलं. तासाच्या पैशावर दोन रिमोट, मागे आपली पाळी येण्याची वाट पाहणारी सात-आठ पोरं, आणि दारातून डोकावणाऱ्याचा एकच प्रश्न : “काय भो, नवी सीडी उनी (आली) का?” डीव्हीडी असली तरी आपण तिला सीडीच म्हणत राहिलो. आणि खरं तेच लिहायचं तर त्या सीड्यांतला फार मोठा भाग नकली होता. नकली सीडी चालावी म्हणून मशीनला चिप बसवलेली असे आणि मुंबई-सुरतेकडून आलेल्या कॉपी पन्नास-शंभराला मिळत. गेम घडवणाऱ्यांच्या पदरात त्यातलं काही पडलं नाही, हे अन्यायाचंच होतं. पण आपल्याकडच्या दोन पिढ्यांना गेमची ओळख त्या कॉपींनी करून दिली, हेही इतिहासातून पुसता येणार नाही. धुळीने आणि उकाड्याने मशीनची लेन्स लवकर कमजोर होई, सीडी घासली की चित्र अडकून बसे, आणि त्या दुरुस्तीवर गावोगावच्या टीव्ही मेकॅनिकांचा थोडाफार धंदाही चाले.

प्लेस्टेशन ३ ने हे चित्र पालटलं. त्याची ब्लू-रे डिस्क २५ ते ५० जीबीची होती. तिची कॉपी काढणं परवडण्यासारखं नव्हतं आणि कॉपी चालू न देणारं मशीनचं कुलूप २०१० पर्यंत टिकलं. आता अस्सल डिस्क घेण्यावाचून मार्ग उरला नाही, आणि तिचे पैसे हजारांत मोजावे लागत. त्यातूनच एक्स्चेंजची पद्धत रुळली. गेम संपवायचा, डबी आणि डिस्क नीट ठेवायची, दुकानात परत द्यायची, वरचा फरक भरून दुसरा न्यायचा. जळगावात गोलाणी मार्केट, धुळ्यात आग्रा रोड अशा बाजारपेठांत हिंडणाऱ्या कॉलेजच्या पोरांना हे गणित तोंडपाठ असे. तीन हजारांचा गेम महिनाभर खेळून दोन हजारांना गेला तर खर्च हजाराचा. चार मित्रांनी चार वेगळे गेम घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला चार येत. कॉपीच्या काळात खिशाला न बसलेली अस्सल डिस्क या देवाणघेवाणीमुळे परवडू लागली. माझ्या मते खान्देशात कायदेशीर गेमिंग सुरू झालं ते इथून.

त्याच सुमारास कंपन्यांनी मशीनमध्येच दुकान उघडलं होतं. मायक्रोसॉफ्टने २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये, सोनी आणि निन्टेन्डोने २००६ मध्ये. २००९ मध्ये सोनीने पीएसपी गो हे हातातलं यंत्र डिस्कशिवाय विकून पाहिलं. ते चाललं नाही. आपल्याकडे तर त्याचा विचारही अवघड होता. भारत सरकारच्या २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिटच्या वेगाला ब्रॉडबँड म्हटलं होतं. त्या वेगाने २५ जीबीचा गेम उतरवायला वीज एकदाही न जाता सलग नऊ दिवस लागतील, आणि तेव्हाच्या आपल्या भागात सलग नऊ तास वीज राहिली तरी नवल वाटे. डेटाची मर्यादा महिन्याला काही जीबींची. त्यामुळे डिस्क की डाउनलोड हा प्रश्न तोवर आपल्यापुढे आलाच नव्हता.

पण जगात तो एकदा फार जोरात विचारला गेला. २०१३ च्या उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या आपल्या नव्या कन्सोलचे नियम जाहीर केले : मशीनने दर २४ तासांतून एकदा इंटरनेटला जोडलं जावं, आणि डिस्क दुसऱ्याला देण्यावर, विकण्यावर कंपनीची बंधनं असावीत. लोक खवळले. सोनीने त्यावर काही सेकंदांचा व्हिडिओ काढला, ज्यात एक माणूस गेमची डबी दुसऱ्याच्या हातात देतो, संपलं. १९ जून २०१३ ला मायक्रोसॉफ्टने दोन्ही अटी मागे घेतल्या. साध्या ग्राहकांच्या नाराजीने एवढी मोठी कंपनी काही दिवसांत मागे सरकली, हे मला आजही मोलाचं वाटतं.

मात्र त्याच पिढीत डिस्क आतून बदलली आणि ते फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनपासून गेम डिस्कवरून चालत नाही. तो आधी हार्डडिस्कवर उतरतो आणि डिस्क मालकीची खूण म्हणून खाचेत राहते. शिवाय अपडेट आले. ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर ५’ या २०१५ च्या गेमच्या डिस्कवर थोडासाच भाग होता, बाकीचा गेम पहिल्याच दिवशी इंटरनेटवरून घ्यावा लागला. २०२५ मध्ये निन्टेन्डोने स्विच २ या कन्सोलबरोबर अशी कार्डं आणली ज्यांत गेम नसतोच, फक्त डाउनलोडची परवानगी असते. तरी ते कार्ड दुसऱ्याला देता येतं, विकता येतं.

आपल्याकडचं चित्र बदललं ५ सप्टेंबर २०१६ नंतर. जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत शहरांत फायबर पोहोचलं. १०० एमबीपीएसच्या फायबरवर १०० जीबीचा गेम सव्वादोन तासांत उतरतो. जळगाव शहरातल्या मुलाला आता दुकानाची पायरी चढायचीही गरज नाही. मोबाइलच्या दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर मात्र त्याच गेमला दोन महिन्यांहून जास्त लागतील, आणि नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे आधी रेंज शोधावी लागते. म्हणजे ‘आता जमाना डाउनलोडचा’ हे वाक्य खान्देशाच्या एका भागात खरं आहे, दुसऱ्यात नाही.

वेगाचा प्रश्न सुटला तिथे मालकीचा उभा राहिला. निन्टेन्डोच्या वी या कन्सोलचं ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ ला बंद झालं, तिच्याच ३डीएस आणि वी यू या यंत्रांचं २७ मार्च २०२३ ला, एक्सबॉक्स ३६० चं २९ जुलै २०२४ ला. सोनीने २०२१ मध्ये पीएस ३ चं दुकान बंद करायचं जाहीर केलं होतं आणि लोकांच्या विरोधानंतर निर्णय फिरवला. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात आढळलं की २०१० पूर्वी तिथे निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. त्यांतले कितीतरी उरले आहेत ते कुणाच्या तरी कपाटातल्या डिस्कवर आणि कॅसेटमध्ये.

डिस्क आहे म्हणजे निश्चिंत, असंही नाही. यूबीसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या, इंटरनेटला जोडूनच चालणाऱ्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि डिस्क बाळगणाऱ्यांचाही गेम गेला. युरोपात त्यावरून मोहीम उभी राहिली आणि तिला दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. कॅलिफोर्नियाने तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू केला : काढून घेता येईल अशी डिजिटल वस्तू विकताना, ग्राहकाला परवाना मिळतो आहे, मालकी नाही, हे स्पष्ट सांगावं लागतं. असा कायदा आपल्याकडेही व्हावा असं मला मनापासून वाटतं. पाच हजार रुपये मोजणाऱ्याला आपण नेमकं काय विकत घेतलं ते कळायलाच हवं.

डाउनलोडच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. सेलमध्ये जुने गेम काही शेकड्यांत मिळतात, डिस्क घासायची भीती नाही, लेन्स बिघडली म्हणून खेळ थांबत नाही. लहान स्टुडिओंचे कितीतरी सुंदर गेम डिस्कवर निघतच नाहीत. २०२३ चा ‘ॲलन वेक २’ मोठा गेम असूनही वर्षभर फक्त डाउनलोडवरच होता. एकटा खेळणारा, घरी फायबर असलेला, सेलची वाट पाहण्याइतका धीर असलेला माणूस खाच नसलेलं मशीन घेऊन सुखी राहील.

ज्या घरात दोन-तीन भावंडं, मामेभाऊ-चुलतभाऊ यांच्यात गेम फिरतात, तिथे खाचेचे जादा पैसे मोजावेत असं मी सांगेन. पीएस ५ चा मोठा नवा गेम पाच हजारांच्या आसपास जातो. एक्स्चेंजमध्ये दर गेममागे दोन हजार जरी परत आले तरी २०२१ चा दहा हजारांचा फरकसुद्धा पाचव्या गेमला वसूल. डाउनलोड केलेला गेम असा परत जात नाही. तो घेणाऱ्याच्या ऑनलाइन खात्याला बांधलेला असतो. याच अडचणीतून हल्ली खात्यांचीच विक्री चालते : कुणीतरी गेम घेतो आणि त्या खात्याचा पासवर्ड तीन-चार जणांना स्वस्तात विकतो. हे कंपन्यांच्या नियमांत बसत नाही, खातं कधीही बंद होऊ शकतं आणि पैसे परत मागायला समोर दुकानदारही नसतो. त्यापासून दूर राहिलेलं बरं.

जुनं मशीन घेणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. विकणारा ‘पन्नास गेमसकट’ म्हणत असेल तर ते गेम डिस्कवर आहेत की खात्यात, हे आधी विचारावं. खात्यातले असतील तर त्याने लॉगआउट केल्यावर मशीन रिकामं होतं, आणि तेवढी किंमत घासाघीस करताना वजा करून घ्यावी.