वेळासची हॅचरी आणि घरटं हलवण्याचा वाद

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ मध्ये समुद्री कासवं वाचवण्याचं काम सुरू झालं, त्याआधी अंडी माणसं उकरून न्यायची, उरलीसुरली कोल्ह्याकुत्र्यांच्या वाट्याला. इथे येणाऱ्या ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाला कायद्याचं संरक्षण होतं, पण ते कागदावर. ओडिशात एका रात्रीत हजारो माद्या किनाऱ्यावर चढतात, तिथे प्रत्येक घरटं हलवणं अशक्य. कोकणात त्या एकट्यादुकट्या येतात, म्हणून सगळी अंडी किनाऱ्यावरच्या राखलेल्या कुंपणात, म्हणजे हॅचरीत, आणून पुरायची पद्धत पडली आणि पुढे तोच नियम झाला.

‘हॅचरी’ या शब्दाने घोटाळा केला आहे. कोंबड्यांच्या उबवणीसारखं इथे यंत्र नाही, ऊब वाळूचीच. पहाटे मादीचा माग काढून घरटं उघडतात. शंभर-सव्वाशे अंडी काही तासांतच, ज्या बाजूने होती तशीच ठेवून न्यायची. गर्भ एकदा कवचाच्या वरच्या बाजूला चिकटला की अंडं फिरवल्यावर तो मरतो. नवा खड्डा सुमारे दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद, तळाशी फुगीर, अगदी सुरईसारखा. सरळ भिंतींचा खणला की वाळू ढासळते. दरवर्षी तीच जागा वापरली तर बुरशी लागते.

खरी अडचण तापमानाची. साधारण ३० अंशांच्या वर माद्या जास्त निपजतात, ३५ च्या आसपास अंडी दगावू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये म्हणून हॅचरीवर सावलीसाठी हिरवी जाळी बांधतात; ती फार दाट झाली तर नर वाढतात आणि पिल्लं उशिरा निघतात. २००२ मध्ये घरटी हलवणं बरोबरच होतं. आज राखण असेल तिथे घरट्यावर जाळीचा पिंजरा ठेवून ते जागेवरच राहू द्यावं. अपवाद फक्त भरतीच्या टप्प्यातल्या घरट्यांचा.

आणि भरतीच्या टप्प्यात घरटी का पडतात, याचं एक उत्तर सुरूच्या झाडांच्या लागवडीत आहे. वाळू धरून ठेवायला लावलेली ही परकी झाडं अनेक किनाऱ्यांवर वरची कोरडी पट्टीच व्यापून बसली. मुळांत आणि सुयांच्या थरात मादीला खणता येत नाही, ती खालीच अंडी घालून परतते. मागे देवरहाटीतले, म्हणजे देवराईतले, जुने वृक्ष देवाच्या धाकाने टिकले, पण वाळूकाठची गावठी उंडीची झाडं कोणी राखली नाहीत. नवी लागवड करायचीच तर उंडीची करावी, आणि कोरडी वाळू सोडून मागे.