आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही रोखल्याचं प्रमाणपत्र: देश अर्ज कसा करतात?

हा अर्ज माणसाचा नसून देशाचा असतो. मंजुरी जागतिक आरोग्य संघटना देते. पहिला मान २०१५ मध्ये क्यूबाला मिळाला, पुढच्या वर्षी थायलंडला.

पात्रता

रोग शून्यावर आणायची अट नाही, हे आधी लक्षात घ्या. दर लाख जिवंत जन्मांमागे आईकडून लागण झालेली बाळं ५० पेक्षा जास्त नकोत. बाधित आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण, बाळं अंगावर पितात तिथे ५ टक्क्यांखाली आणि पीत नाहीत तिथे २ टक्क्यांखाली हवं. (उपचारच नसतील तर ते १५ ते ४५ टक्के असतं.) शिवाय गरोदर महिलांची तपासणी, त्यांची एचआयव्ही चाचणी आणि बाधित महिलांना औषधं, हे तिन्ही किमान ९५ टक्के, तेही दोन वर्षं.

कागदपत्रं

अहवालाचे चार भाग: आकडेवारी, आरोग्यसेवा, प्रयोगशाळा आणि मानवी हक्क. खरा घाम आकडेवारीच काढते. आईची प्रतिद्रव्यं (विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारे घटक) बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून तीच शोधणारी साधी चाचणी फसवी ठरते. सहाव्या आठवड्याच्या सुमारास टाचेतून काढलेले रक्ताचे थेंब कागदावर वाळवून पीसीआरसाठी, म्हणजे थेट विषाणूच शोधणाऱ्या चाचणीसाठी पाठवतात. अंगावरचं दूध सुटल्यावर पुन्हा तपासणी. मधल्या काळात आई गाव बदलते आणि नोंदवहीतली ओळ अर्धवट राहते.

चौथा भाग शोभेचा नाही. सक्तीची चाचणी किंवा संमतीशिवाय नसबंदी आढळली, तर आकडे कितीही चांगले असले तरी अर्ज अडकतो.

प्रक्रिया

राष्ट्रीय समिती अहवाल बनवते, आरोग्य मंत्रालय विनंती पाठवतं, प्रादेशिक पथक येऊन पडताळणी करतं, मग जागतिक सल्लागार समिती शिफारस करते. पथक देशातला सर्वात मागे पडलेला भागही तपासतं. राजधानीतलं चकचकीत रुग्णालय दाखवून भागत नाही.

जास्त प्रादुर्भाव असेल तर?

समजा, दर पाच गरोदर महिलांमागे एक बाधित आहे. म्हणजे लाखामागे २० हजार. ५० चा निकष गाठायचा तर लागण पाव टक्क्यावर आणावी लागेल! अशा देशांसाठी कांस्य, रौप्य, सुवर्ण असे टप्पे आहेत. रौप्यसाठी मर्यादा लाखामागे ५००. बोत्सवानाने तो टप्पा २०२१ मध्ये गाठला.

प्रमाणपत्र कायमचं नसतं. ठरावीक काळाने आकडे पुन्हा दाखवावे लागतात.