पावित्र्याचे पाचारण कोणाला? एका वादाची पार्श्वभूमी

सप्टेंबर १९६४च्या अखेरीस दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेसाठी रोममध्ये जमलेल्या दोन हजारांहून अधिक बिशपांपुढे एक प्रश्न मतदानाला आला. वरवर पाहता तो निव्वळ संपादनाचा होता. ख्रिस्तसभेविषयीच्या मसुद्यात ‘सर्वांना पावित्र्याचे पाचारण’ आणि ‘व्रतस्थ’ (व्रते घेतलेले मठवासी, नन) हे विषय एकाच प्रकरणात ठेवायचे, की त्यांची दोन प्रकरणे करायची? बहुमताने दोन करायचे ठरले. एवढ्याशा गोष्टीसाठी वर्षभर सह्या गोळा झाल्या, आयोग एकमेकांवर नाराज झाले आणि मसुदे मागे-पुढे फिरले. त्याचे कारण शोधायचे तर सोळाशे वर्षे मागे जावे लागते.

मनुष्य देवाच्या प्रतिरूपात घडला, पापाने ते प्रतिरूप मळले आणि ख्रिस्ताच्या कृपेने ते पुन्हा उजळते, यावर मोठ्या ख्रिस्ती परंपरांत फारसे दुमत नाही. भांडण झाले ते पुढच्या दोन प्रश्नांवर. हे उजळणे याच आयुष्यात कुठवर जाते? आणि त्याचे बोलावणे नेमके कोणाला येते? पहिल्या प्रश्नावर ग्रंथांचे ढीग आहेत. दुसऱ्याकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले, आणि व्यवहारात माणसांची आयुष्ये ठरवली ती त्यानेच.

घोळाचे मूळ मत्तयाच्या शुभवर्तमानातच सापडते. डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्हीही पूर्ण व्हा. हे सगळ्या शिष्यांना उद्देशून आहे. पुढे एकोणिसाव्या अध्यायात एक श्रीमंत तरुण येतो, त्याला मात्र उत्तर मिळते ते असे : पूर्ण व्हायचे असेल तर सगळे विकून गरिबांना दे आणि माझ्यामागे ये. मार्क आणि लूक हाच प्रसंग सांगतात, पण ‘पूर्ण व्हायचे असेल तर’ ही अट त्यांच्याकडे नाही. पूर्णत्वाची आज्ञा सर्वांना आहे, की ज्याला हवे त्याने घ्यावे असा तो सल्ला आहे? इ.स. २७०च्या सुमारास इजिप्तमधल्या एका तरुण जमीनदाराने चर्चमध्ये हे दुसरे वचन ऐकले, वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली आणि पुढे तो वाळवंटात गेला. त्याच्या चरित्राने पुढची कित्येक शतके भारून टाकली.

चौथ्या शतकाच्या सुरुवातीला कैसरियाच्या बिशपाने तर लिहूनच ठेवले की प्रभूने ख्रिस्तसभेला दोन जीवनमार्ग दिले आहेत. एक निसर्गापलीकडचा : लग्न नाही, मुलेबाळे नाहीत, मालमत्ता नाही. दुसरा साधा, मानवी. त्यात शेती आहे, व्यापार आहे, संसार आहे. दुसऱ्या मार्गाने जाणाऱ्यांना धार्मिकतेची दुय्यम पायरी मिळते. छळाचा काळ संपून ख्रिस्ती होणे सोपे झाले होते, त्यामुळे हुतात्म्यांच्या जागी नवे वीर हवे होते, हे समजण्यासारखे आहे. तरीही विरोध झालाच. त्याच शतकाच्या उत्तरार्धात अंत्युखियातला एक नामांकित उपदेशक बजावत राहिला की लग्नाची बाब वगळता मठवासी आणि गृहस्थ यांना एकच नियम लागू आहे, आणि ख्रिस्ताने दोघांसाठी वेगवेगळी प्रवचने केली नव्हती.

रोममध्ये हा विरोध एका मठवाशाने टोकाला नेला. बाप्तिस्मा झालेल्या कुमारिका, विधवा आणि विवाहित स्त्रिया यांची बाकीची कृत्ये सारखी असतील तर त्यांची योग्यताही सारखीच, असे तो शिकवू लागला. ३९०च्या दशकात रोम आणि मिलान या दोन्ही ठिकाणी त्याला दोषी ठरवण्यात आले. त्याच्या खंडनासाठी बेथलेहेमहून आलेला ग्रंथ विवाहावर इतका तुटून पडला की लेखकाच्या मित्रांनीच रोममध्ये त्याच्या प्रती परत गोळा करायचा प्रयत्न केला. समानतेचा दावा अधिकृतपणे मोडीत निघाला तो इथे. पश्चिमेकडचे पुढचे सगळे वाद या निकालाच्या सावलीतच झाले.

पूर्वेकडे भाषा वेगळी होती. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातला ‘ईश्वरी स्वभावाचे वाटेकरी’ हा शब्दप्रयोग तिथे केंद्रस्थानी राहिला आणि मनुष्याचे ध्येय म्हणजे थिओसिस, देवाच्या जीवनात सहभागी होणे, असे धरले गेले. देव मूलतः अगम्य आहे, तर त्यात वाटेकरी होता येते कसे, या प्रश्नावर १३४१पासून कॉन्स्टँटिनोपलमध्ये धर्मसभा भरल्या. १३५१च्या सभेने निकाल दिला : देवाचे तत्त्व अगम्यच राहते, पण त्याच्या अनिर्मित शक्तींत मनुष्याला खरोखर सहभाग मिळतो. हा विजय अथोस पर्वतावरच्या मौन साधणाऱ्या मठवाशांचा होता. पण त्यांच्याच बाजूचा, बहुधा स्वतः कधीही मठात न गेलेला थेस्सलनीकाचा एक लेखक त्याच काळात लिहीत होता की यासाठी रानावनात जायला नको. सेनापतीने सेना सांभाळावी, शेतकऱ्याने नांगरावे, कारागिराने आपले काम करावे, आणि संस्कार व ध्यान यांतून परिवर्तन घडेल. पश्चिमेने त्याला उशिरा वाचले.

मध्ययुगीन युरोपने या सगळ्याला कायद्याची चौकट दिली, आणि तिथून तो गुंतागुंतीचा शब्दप्रयोग रूढ झाला : ‘पूर्णत्वाची अवस्था’. तेराव्या शतकातला सर्वात मोठा डॉमिनिकन पंडित इथे बराच सावध होता. त्याच्या मते पूर्णत्व म्हणजे प्रीती, प्रीतीची आज्ञा सर्वांना आहे, आणि दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते केवळ तिकडे नेणारी साधने आहेत. ‘अवस्था’ हा बाहेरून कायमचे बांधून घेण्याचा विषय. त्यामुळे पूर्णत्वाच्या अवस्थेत असूनही अपूर्ण असलेले लोक असतात आणि त्या अवस्थेबाहेर राहून पूर्ण असलेलेही. ही व्याख्या काटेकोरपणे लावली की बिशप आणि व्रतस्थ त्या अवस्थेत येतात, गावातला साधा धर्मगुरू मात्र येत नाही. तो संस्कार देतो, प्रेते पुरतो, लोकांची पापे ऐकतो. पण ‘अवस्था’ त्याच्या मालकीची नाही. धर्मप्रांतीय धर्मगुरूंच्या मनातला हा सल फार जुना आहे. पंडिताचा बारकावा सामान्यांपर्यंत पोचला नाही. तिथे पोचली ती फक्त पायऱ्यांची कल्पना : मठ वर, संसार खाली.

जर्मन धर्मसुधारक लुथरने या शिडीवरच घाव घातला. तो स्वतः १५०५मध्ये एर्फुर्टच्या मठात दाखल झालेला होता. १५२१मध्ये वार्टबुर्ग किल्ल्यात लपून असताना त्याने व्रतांविरुद्ध लिहिले आणि १५२५मध्ये माजी नन असलेल्या स्त्रीशी लग्न केले. १५३०च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाचे, म्हणजे लुथरपंथीयांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्याचे, सत्ताविसावे कलम संपूर्ण याच विषयाला वाहिलेले आहे. मठाच्या व्रतांना बाप्तिस्म्याच्या बरोबरीने बसवले जाते आणि त्या जीवनाला पूर्णत्वाची अवस्था म्हटले जाते, ही त्यातली ठळक तक्रार. मोची, दाई, न्यायाधीश, आई, ज्याचे त्याचे काम हेच त्याचे पाचारण, अशी मांडणी झाली. ती मुक्त करणारी होती, पण तिला एक दुसरी बाजूही होती, आणि तिचा उल्लेख सहसा टाळला जातो : ज्याने त्याने आपापल्या जागीच राहावे, असा अर्थही तिच्यातून सहज निघे.

कॅथलिक बिशपांच्या ट्रेंटच्या परिषदेने नोव्हेंबर १५६३मध्ये प्रत्युत्तर दिले. विवाहाची अवस्था कौमार्याच्या वर आहे, किंवा कौमार्यात राहणे अधिक चांगले व धन्य नाही, असे जो म्हणेल तो बहिष्कृत. म्हणजे ३९०च्या दशकातला निकाल पुन्हा शिक्का मारून पक्का झाला.

प्रोटेस्टंट बाजूला मात्र वेगळीच अडचण उभी राहिली. पाचारण सर्वांचे झाले, पण परिवर्तन कुठवर जाते याबद्दल तिथे हात आखडता होता. मनुष्य नीतिमान ठरतो, तरी मरेपर्यंत पापीही राहतो. अठराव्या शतकात मेथडिस्ट चळवळीने हा हात सैल केला. तिच्या संस्थापकाला २४ मे १७३८च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका सभेत अंतःकरण ऊबदार झाल्याचा अनुभव आला, आणि पुढे तो शिकवू लागला की प्रीतीत पूर्ण होणे याच आयुष्यात शक्य आहे. या शिकवणीतले धोकेही लगेच दिसले. पूर्णत्व मिळाल्याचा दावा करणाऱ्या एका माजी सैनिकाने २८ फेब्रुवारी १७६३ला जगाचा अंत होणार असे जाहीर केले. संस्थापकाला त्या दिवशी लोकांची समजूत घालत बसावे लागले.

कॅथलिक जगात दरवाजा किलकिला केला तो जिनिव्हाच्या एका बिशपाने. कॅल्विनपंथीयांच्या ताब्यातल्या आपल्या शहरात त्याला राहता येत नव्हते, म्हणून तो आनसीत राहून काम करी. एका विवाहित स्त्रीला लिहिलेल्या पत्रांतून त्याचे पुस्तक आकाराला आले आणि १६०९मध्ये ते वाचकांसमोर आले. सैनिकाच्या छावणीतून, कारागिराच्या दुकानातून, राजदरबारातून किंवा लग्न झालेल्यांच्या घरातून भक्तिजीवन हद्दपार करणे ही चूकच, किंबहुना पाखंड आहे, असे त्याने ठणकावून लिहिले. पुस्तक अमाप खपले. अधिकृत शिकवणीत मात्र ती पायऱ्यांची भाषा पुढची तीन शतके तशीच चालू राहिली. १९२३मध्ये त्या बिशपाच्या मृत्यूच्या त्रिशताब्दीनिमित्त पोपनी परिपत्रक काढले, त्यात पावित्र्य मोजक्यांसाठी राखीव नाही असे स्पष्ट आले, आणि तेव्हापासून वारे फिरू लागले.

म्हणून १९६२मध्ये व्हॅटिकन परिषदेपुढे आलेल्या पहिल्या मसुद्यात ‘पूर्णत्व साधण्याच्या अवस्थां’वर प्रकरण दिसले तेव्हा अनेक बिशपांच्या कपाळावर आठ्या पडल्या. तो मसुदा त्याच डिसेंबरात बारगळला. १९६३चा नवा मसुदा चार प्रकरणांचा होता, आणि त्यातले शेवटचे प्रकरण आधी सर्वांच्या पावित्र्याबद्दल बोलून मग त्यातच व्रतस्थांना सामावून घेई. ऑक्टोबरअखेरीस त्यावर चर्चा झाली आणि व्रतस्थ संघांमधून आलेले बिशप खवळले. तिथे असे शेकडो होते, विशेषतः मिशनच्या प्रदेशांतले. त्यांचा आक्षेप असा : सगळेच पावित्र्यासाठी बोलावलेले असतील आणि व्रतस्थ त्यात एक उपविभाग असतील, तर उद्या मठाचे दार कोण ठोठावील? त्यांना स्वतंत्र प्रकरण हवे होते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की प्रकरण वेगळे केले की जुनी शिडी मागच्या दाराने परत येते. बिशपांचे एक प्रकरण, प्रापंचिकांचे (म्हणजे धर्मगुरू वा व्रतस्थ नसलेल्यांचे) एक, व्रतस्थांचे एक; वाचणारा आपोआप तीन मजले मोजणार. शिवाय सर्वांच्या पाचारणाचे प्रकरण तेवढे पोकळ राहील, त्यात कुणाचेच ठोस जीवन उरणार नाही. मला हा दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार वाटतो, पण मतदानात तो हरला. जगातल्या व्रतस्थांत फार मोठी संख्या स्त्रियांची होती आणि त्यांच्यापैकी एकीलाही मत नव्हते. स्त्री निरीक्षकांना सभागृहात पहिल्यांदा प्रवेश मिळाला तो त्याच सप्टेंबर महिन्यात, आणि तोही फक्त ऐकण्यापुरता.

२१ नोव्हेंबर १९६४ रोजी २,१५१ विरुद्ध ५ मतांनी दस्तऐवज मंजूर झाला. पाचवे प्रकरण सर्वांच्या पाचारणाचे, सहावे व्रतस्थांचे. पाचव्यातले चाळिसावे कलम स्पष्ट आहे : कोणत्याही अवस्थेतल्या वा दर्जाच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला ख्रिस्ती जीवनाच्या पूर्णतेसाठी आणि प्रीतीच्या पूर्णत्वासाठी बोलावणे आहे. एकेचाळिसाव्या कलमात बिशपांपासून विवाहित, विधवा, कष्टकरी आणि आजारी माणसांपर्यंत सगळे येतात. पण लगेच पुढच्या कलमात देवासाठी स्वीकारलेले कौमार्य विशेष उठून दिसते असे म्हटले आहे, आणि सहाव्या प्रकरणात व्रतस्थ देवाला ‘अधिक निकटतेने’ वाहिलेले असल्याचे विधान आहे. तुलनेचे प्रत्यय काही सुटले नाहीत. व्रतस्थ जीवन ही धर्मगुरू आणि प्रापंचिक यांच्यामधली पायरी नाही, असेही तिथेच लिहिले आहे. एकाच दस्तऐवजात दोन्ही गटांनी आपापली वाक्ये बसवून घेतली, असा याचा सरळ अर्थ.

पुढे मठ ओस पडू लागले. अमेरिकेत १९६५ला सुमारे १,८०,००० सिस्टर होत्या. २०२०पर्यंत ती संख्या ५०,०००च्या खाली आली. परंपरावादी याचे खापर पाचव्या प्रकरणावर फोडतात. त्याच काळात स्त्रियांना शिक्षण, नोकरी आणि स्वतंत्र राहण्याची मुभा मिळत गेली, हे कारण त्यांच्या यादीत सहसा खाली असते. १९८३च्या नव्या धर्मसंहितेत २१०वे कलम आले : पवित्र जीवनासाठी झटणे हे सर्व श्रद्धावंतांचे कर्तव्य. २०१८च्या एका पोपपत्रात ‘शेजारच्या घरातले संत’ हा शब्दप्रयोग आला आणि तो लोकांच्या तोंडी बसला.

संतपदाच्या यादीकडे पाहिले की चित्र तितके पुढे सरकलेले दिसत नाही. त्याला एक व्यावहारिक कारण आहे. संतपदाचे प्रकरण चालवायला वकिलासारखा प्रतिनिधी लागतो, कागदपत्रे लागतात, दशकानुदशके पैसा आणि चिकाटी लागते. व्रतस्थ संघांकडे हे सगळे असते. शेजारच्या घराकडे नसते. २००१मध्ये पहिल्यांदा एका जोडप्याला एकत्र ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आले. त्यांच्या चार मुलांपैकी तिघांनी धर्मगुरुपद किंवा व्रतस्थ जीवन पत्करले होते. २०१५मध्ये एकत्र संत ठरलेले पहिले जोडपे आलाँसाँचे : नवरा घड्याळजी, बायको लेस बनवणारी. दोघांनाही तरुणपणी मठात जायचे होते, आणि दोघांनाही तिथे प्रवेश मिळाला नव्हता. १८५८मध्ये लग्न झाल्यावर दहा महिने ते भाऊ-बहिणीसारखे राहिले; पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी समजावल्यावर संसार सुरू झाला. नऊ मुले झाली, चार लहानपणीच गेली, उरलेल्या पाचही मुली नन झाल्या. विवाहित पावित्र्याचा नमुना म्हणून ही निवड झाली, पण तिच्यातही मठच भरून राहिला आहे.

७ सप्टेंबर २०२५ला दोन तरुणांना एकत्र संतपद मिळाले : १९२५मध्ये चोविसाव्या वर्षी वारलेला डोंगर चढणारा तुरिनचा विद्यार्थी, आणि १९९१मध्ये जन्मून पंधराव्या वर्षी गेलेला, संगणकात रमणारा मुलगा. दोघेही प्रापंचिक, दोघेही अविवाहित. पुढच्याच महिन्यात, १९ ऑक्टोबरला, पापुआ न्यू गिनीतला एक विवाहित धर्मशिक्षक यादीत आला. जपानी ताब्याच्या काळात पुन्हा रूढ होऊ लागलेल्या बहुपत्नीत्वाला त्याने विरोध केला आणि १९४५मध्ये कैदेत त्याला मारण्यात आले. विवाहाच्या बाजूने उभा राहिलेला असा संत विरळाच. त्याची नोंद मात्र विवाहित म्हणून झालेली नाही. ती हुतात्मा म्हणून आहे.