सेव्ह, कटर आणि मारियानो रिव्हेरा

अमेरिकी बेसबॉलच्या नोंदवहीत ‘सेव्ह’ हा रकाना अधिकृतपणे आला 1969 मध्ये, आणि सर्वाधिक सेव्ह ज्याच्या नावावर आहेत तो मारियानो रिव्हेरा पनामात जन्मला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात.

सेव्ह ही एका पत्रकाराची देणगी. सामना सुरू करणाऱ्या पिचरच्या (चेंडू फेकणाऱ्याच्या) नावे जय-पराजय लागतात, मग मागाहून येऊन आघाडी राखणाऱ्या रिलीफ पिचरच्या पदरात काय, हा प्रश्न शिकागोच्या जेरोम होल्ट्झमनला पडला. 1960 च्या सुमारास त्याने हिशेब मांडला. आजचा नियम ढोबळमानाने असा: आघाडी तीन धावांची किंवा त्याहून कमी असताना यायचं, किमान एक इनिंग (सामन्याच्या नऊ भागांपैकी एक) टाकायची, सामना आघाडीवरच संपवायचा.

आधी या आकड्यासाठी कोणी पिचर राखून ठेवत नसे. न्यूयॉर्क यांकीज संघाचा गूज गॉसेज संघ अडचणीत असला की सातव्या-आठव्या इनिंगलाही उतरे. 1978 च्या एका हंगामात त्याने 134 इनिंग टाकल्या. 1980 च्या दशकाअखेर ओकलंडचा मॅनेजर टोनी ला रुसा याने डेनिस एकर्सलीला जवळपास फक्त नवव्या इनिंगसाठी राखलं. एकर्सली यशस्वी ठरला आणि सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला. क्लोझर, म्हणजे सामना संपवणारा पिचर, ही वेगळी नोकरीच झाली. आपल्याकडे डेथ ओव्हर्सचा बॉलर सुरुवातीलाही दोन ओव्हर टाकून जातो. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही, म्हणून आपला सर्वोत्तम माणूस कधी उतरवायचा हा मॅनेजरसाठी जुगार असतो.

रिव्हेरा पुएर्तो कैमितो या मासेमारांच्या गावातला. वडील बोटीवर कप्तान. तो शॉर्टस्टॉप, म्हणजे क्षेत्ररक्षक, म्हणून खेळायचा. संघाच्या पिचरला मार बसू लागला म्हणून एकदा हा त्याच्या जागी उभा राहिला आणि खेळाडू हेरणाऱ्या स्काउटच्या नजरेत भरला. फेब्रुवारी 1990 मध्ये यांकीजने त्याला दोन-तीन हजार डॉलरांत करारबद्ध केलं. 1992 मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी नव्या संघांसाठी खेळाडू निवडले जात असताना यांकीजने त्याचं नाव हातचे सोडायचे नाहीत अशा खेळाडूंच्या यादीत ठेवलं नव्हतं, तरी कोणी त्याला उचललं नाही! 1995 मध्ये त्याचं पदार्पण झालं ते सुरुवातीचा पिचर म्हणून, आणि तेही बेताचंच. 1996 मध्ये मात्र क्लोझर जॉन वेटलँडच्या आधी येऊन त्याने 107 इनिंगांच्या वर टाकल्या, 130 बॅटरना स्ट्राइकआउट करून बाद केलं. वेटलँड टेक्सासला गेला आणि जागा रिकामी झाली.

मग 1997 चा जून. सामन्यापूर्वी सहकाऱ्याबरोबर साधी फेकाफेकी करताना त्याचा चेंडू शेवटच्या क्षणी आपोआप वळू लागला. सरळ जायला हवा म्हणून प्रशिक्षकांसह त्याने खटपट केली. चेंडू काही ऐकेना. शेवटी नाद सोडला. हाच तो कटर. डावखुऱ्या बॅटरच्या अंगावर तो ऐनवेळी आत शिरायचा आणि बॅटच्या मुठीजवळ आदळायचा, त्यामुळे बॅटी मोडायच्या. निवृत्तीच्या हंगामात मिनेसोटा संघाने त्याला निरोपाची भेट दिली ती मोडक्या बॅटींपासून बनवलेली झुलती खुर्ची!

त्याच्या कारकिर्दीत 652 सेव्ह जमले. आकडा थोर आहे, पण माझ्या मते त्याची खरी उंची त्यात दिसत नाही. एरवी त्याला एका इनिंगपुरता वापरणारा मॅनेजर जो टोरी ऑक्टोबरच्या बाद फेरीत तो नियम गुंडाळून ठेवत असे आणि आठव्या इनिंगपासूनच त्याला उतरवत असे. कारकिर्दीत बाद फेरीच्या एकूण 96 सामन्यांत त्याने 141 इनिंग टाकल्या. दर नऊ इनिंगांमागे सरासरी 0.70 धावा दिल्या (क्षेत्ररक्षणाच्या चुकांतून गेलेल्या धावा वगळून). 2003 मध्ये बॉस्टनविरुद्धच्या बाद फेरीतल्या मालिकेच्या सातव्या सामन्यात बरोबरी असताना तो नववी, दहावी, अकरावी अशा तीन इनिंग टाकत राहिला. सहकारी अॅरन बूनच्या होमरनने सामना जिंकला तेव्हा रिव्हेरा धावत जाऊन पिचरच्या उंचवट्यावर कोसळला. त्याच्या उत्तम दिवसांपैकी हा एक, आणि सेव्हच्या रकान्यात त्या दिवशी शून्य.

तो हरलाही. 2001 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सातवा सामना अॅरिझोनाने त्याच्याच हातून हिसकावला. 2012 च्या मे महिन्यात कॅन्सस सिटीत सरावात उंच चेंडू झेलताना गुडघ्याचा लिगामेंट फाटला. वय 42. असं संपवायचं नाही म्हणून तो 2013 मध्ये परतला, 44 सेव्ह करून निवृत्त झाला.

2019 मध्ये हॉल ऑफ फेम या बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीसाठी पत्रकारांचं मतदान झालं. मॅसॅच्युसेट्समधल्या एका पत्रकाराने आधीच लिहिलं होतं की सेव्ह हे सोपं काम आहे, मी रिव्हेराला मत देणार नाही. पण एकमताच्या आड येऊ नये म्हणून मतपत्रिकाच पाठवणार नाही. शेवटी त्याने विचार बदलला आणि मत दिलं. 425 पैकी 425. एकमताने निवडला गेलेला तो पहिलाच खेळाडू. पुढच्याच वर्षी त्याचा जुना सहकारी डेरेक जीटर याचं एकमत एका मताने हुकलं.